सोलापूर ते कुडाळ: ५३ मिनिटांचा प्रवास आणि त्याला लागलेले सहा तास पन्नास मिनिटं

सोलापुरात माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे. रेल्वे, बस, गाड्या आणि आता विमान. खाली लिहिलेलं प्रकरण माझ्याच टेबलावर आलं. कुटुंबाला विचारून लिहिते आहे. नावं घेतलेली नाहीत, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. प्रवासातल्या वेळा मात्र बरोबर आहेत, कारण सोबत गेलेल्या नातवाला मी त्या मोबाइलवर टिपून ठेवायला सांगितल्या होत्या.

पार्श्वभूमी

सोलापूरकराला विमानाचं एवढं अप्रूप का, हे बाहेरच्याला पटकन उमगत नाही. होटगी रोडला विमानतळ पूर्वीपासून होता. मधे काही काळ मुंबईचं विमान आलं, तेही बंद पडलं. पुढे वर्षानुवर्षं गावात चर्चा एकाच गोष्टीची, ती म्हणजे विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी. १५ जून २०२३ ला ती पाडली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी डोळे पुसले. २९ सप्टेंबर २०२४ ला नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ९ जून २०२५ ला गोव्याची सेवा सुरू झाली. त्याच ऑक्टोबरात मुंबई आणि बंगळूरही जोडलं गेलं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे तरी तेव्हापासून एकदा विचारतातच, "ताई, विमानानं किती वेळ लागेल?"

या कुटुंबात काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. उभी हयात चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेली. लाल कापडी बांधणीची वही अजून सोबत असते, घरातला प्रत्येक खर्च तिच्यात जातो. काकू एकाहत्तर. त्यांच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. चालत होत्या, पट्टा बांधून थोडंफार स्वयंपाकघरातही उभ्या राहत होत्या. डॉक्टरांची ताकीद एवढीच: सलग दोन तासांपेक्षा जास्त बसायचं नाही, मधे आडवं व्हायचं, गाडीचे दणके शक्यतो टाळायचे.

मुलगी कुडाळला दिलेली. तिच्या मुलीचं, म्हणजे काकूंच्या थोरल्या नातीचं लग्न डिसेंबरात कुडाळलाच ठरलं. काकू जाणार की नाही हा प्रश्न घरात कुणी काढलाच नाही. त्या जाणारच होत्या. कसं न्यायचं, एवढंच ठरायचं होतं.

अडचण

पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या मुलाने इंटरनेटवर दोन विमानतळांमधलं अंतर काढलं. सिंधुदुर्गाचा विमानतळ चिपीला, तिथून कुडाळ जवळ. सोलापूर ते सिंधुदुर्ग, अंतर ३१३ किलोमीटर, उड्डाणाचा वेळ ५३ मिनिटं. त्याने तो स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आईचा प्रश्न सुटला."

काकांनी वहीत लिहून घेतलं: ३१३ / ५३. डॉक्टरांना जाऊन सांगितलं, एक तासाच्या आतला प्रवास आहे. डॉक्टर म्हणाले, मग काहीच हरकत नाही. कुडाळच्या जावयाने चिपीला गाडी पाठवायचं ठरवलं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी जेवायला पोहोचायचं, असाही बेत झाला.

लग्नाला एकोणीस दिवस उरले असताना काका वही घेऊन माझ्याकडे आले. "दोन तिकिटं जायची, दोन यायची. नातू सोबत आला तर तीन."

सोलापूरहून सिंधुदुर्गाला थेट विमान नव्हतं. मी सांगितलं तेव्हा काका काही क्षण माझ्याकडे नुसतं बघत राहिले. मग वहीतल्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "अहो, पण हे वेळेसकट लिहिलेलं आहे."

हे वाक्य मी विसरलेले नाही. हिशेबात मुरलेल्या माणसाला जिथे आकडा आहे तिथे वस्तू असणारच असं वाटतं. त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

५३ मिनिटं आली कुठून

अंतर काढणाऱ्या अशा पानांना विमान आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या गोलाईवरून त्यांच्यातली सर्वांत जवळची रेषा मोजायची, एवढंच त्यांचं काम. सह्याद्री मधे असो, विमानतळ बंद असो, रेषा निघतेच. वेळेसाठी बहुतेक ठिकाणी एक ठरावीक हिशेब असतो: मोठ्या जेट विमानाचा ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासचा वेग धरायचा आणि चढण्या-उतरण्यासाठी वर अर्धा तास मिळवायचा. ३१३ ला ८०० ने भागलं की २३ मिनिटं येतात, त्यात ३० मिळवली की ५३. मी हे काकांना कागदावर करून दाखवलं. त्यांनी स्वतः एकदा भागाकार केला आणि मान हलवली.

चालू असलेली सेवा होती सोलापूर ते गोव्यातल्या मोपाची. हे अंतर सरळ रेषेत ३०४ किलोमीटरच्या आसपास, वैमानिकांच्या भाषेत १६४ सागरी मैल. त्याच पद्धतीने भागलं तर इथेही ५३ मिनिटंच येतात. पण या मार्गावरचं विमान एटीआर ७२, पंख्याचं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, तोही पूर्ण उंचीवर गेल्यावर. तीनशे किलोमीटरच्या प्रवासात चढणं आणि उतरणं यांतच बराच वेळ जातो, सपाट उडणं थोडंच उरतं. शिवाय उड्डाण वाऱ्याच्या दिशेवर ठरतं. कधी जायचं असतं नैऋत्येला आणि धावपट्टीच्या ज्या टोकाकडून उडावं लागतं ते भलतीकडे, मग वळसा आला. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं आणि उतरल्यावर जागेवर येऊन थांबणं हेही आलंच. तिकिटावर जो वेळ छापतात तो चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंतचा असतो, आणि त्यात कंपनीने थोडी सवड ठेवलेली असते. म्हणूनच तिकिटावर तासाहून जास्त वेळ होता.

डॉक्टरांची परवानगी ५३ मिनिटांवर उभी होती. त्यामुळे मी काकांना तिकीट न देताच परत पाठवलं. आधी हिशेब मांडू, मग डॉक्टरांकडे जा, मग तिकीट. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं म्हणून ऑफिसातला मुलगा माझ्यावर चिडला होता.

समोरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी काका, मी आणि फोनवर पुण्याचा मुलगा असे बसलो. चार वाटा निघाल्या.

पहिली, मोटारीने थेट. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, पुढे संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ. पावणेचारशे ते चारशे किलोमीटर, नऊ तास तरी धरायचे. कोल्हापूरपर्यंत रस्ता चांगला. काळजी होती ती त्यानंतरची, विशेषतः आंबोलीच्या उताराची.

दुसरी, तीच मोटार पण कोल्हापूरला एक रात्र मुक्काम. लग्नाची खरेदी, रुखवत, पाहुण्यांचा टेम्पो ट्रॅव्हलर या गडबडीत एक दिवस जास्तीचा कुणाला नको होता. मुलगा म्हणाला, "आईला दोन दिवस रस्त्यावर ठेवायचं?" विषय तिथेच मिटला. तो इतक्या लवकर मिटायला नको होता, त्याबद्दल पुढे लिहिते.

तिसरी, रेल्वे. काकूंना बर्थवर आडवं होता आलं असतं, हा मोठा फायदा. पण सोलापूरहून कोकण रेल्वेवर जायचं तर मुंबईकडे जाऊन गाडी बदलायची आणि उलट खाली यायचं. पहाटे मुंबईत सामान, जिने आणि निसटू पाहणारी जोडगाडी. मीच नको म्हटलं.

चौथी, मोपाचं विमान आणि पुढे मोटार. मोपा गोव्यात असला तरी सिंधुदुर्गाच्या उंबऱ्यावर आहे. तिथून बांदा, सावंतवाडी करत कुडाळ पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर, महामार्गावरून तासाभरात.

मुलाने आणखी एक सुचवलं: मुंबईला विमानाने जायचं आणि तिथून सिंधुदुर्गाचं विमान मिळतं का बघायचं. मी नकाशावर पट्टी ठेवली. सोलापूर-मुंबई हवेतून ३६० किलोमीटर, मुंबई-चिपी ३५०. म्हणजे ३१३ किलोमीटरच्या अंतरासाठी ७१० किलोमीटर उडायचं, दोनदा चढायचं, दोनदा उतरायचं आणि मधे मुंबईच्या विमानतळावर ताटकळायचं. तो पर्याय आम्ही वहीत लिहिलाही नाही.

काकांनी प्रत्येक वाटेपुढे एकूण तास लिहिले. मी त्यांना आणखी एक रकाना पाडायला लावला: "सलग बसणं". डॉक्टरांची अट एकूण तासांची नव्हतीच. मोटारीत हवं तिथे थांबता येतं, पण घाटात नाही. विमानात थांबता येत नाही, पण वेळ बांधलेला असतो. आत बसल्यापासून बाहेर पडेपर्यंत मी दीड तास धरला, धुकं पडलं तर पावणेदोन. ते दोन तासांच्या आत बसत होतं. हा रकाना घेऊन काका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी या वेळी दहा मिनिटं बोलून परवानगी दिली आणि प्रवासाला हरकत नसल्याचा दाखलाही लिहून दिला. नुकतंच ऑपरेशन झालेल्या प्रवाशाकडे विमान कंपनी तो मागू शकते.

कुठल्या दिवसाचं तिकीट

सगळ्यात जास्त वाद झाला तो इथे. लहान विमानतळावरच्या सेवा रोज असतीलच असं नाही. गोव्याचं विमान आठवड्यातले ठरावीक दिवसच होतं. लग्नाच्या लगतच्या आधीच्या विमानाने जायचं, असं काकांचं म्हणणं. मी म्हटलं, त्याच्याही आधीच्या विमानाने जा. मोठ्या शहरात एक उड्डाण चुकलं तर संध्याकाळी दुसरं असतं. इथे विमान रद्द झालं तर पुढचं दोन-तीन दिवसांनी. आधीचं रद्द झालं तर हातात दिवस राहतात, मोटारीने मुक्काम करत नेता येतं. लगतचं रद्द झालं तर काकूंना एका दमात नऊ तास मोटारीत बसवावं लागेल. तेवढंच तर आपल्याला टाळायचं होतं.

काका गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "मुलीच्या सासरी चार दिवस आधी जाऊन पडायचं? बरं दिसतं का ते?"

अंतर, वेळ, वेग हे सगळं मी समजावू शकत होते. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या वडिलांनीही हेच म्हटलं असतं. मी मुलीला फोन करून अडचण सांगितली. त्या संध्याकाळी कुडाळहून विहीणबाईंचा काकूंना फोन आला: तुम्ही आधी आलात तर मला मसाल्याच्या वाटपाला सोबत होईल, आणि नातीच्या हळदीला आजी घरात असायला हव्यात. दुसऱ्या दिवशी काकांनी आधीच्या विमानाची तीन तिकिटं काढली.

परतीचं तिकीट काढलं नाही. लग्नानंतर तब्येत कशी राहील ते बघून ठरवू, असं मी सुचवलं आणि ते मानलं गेलं.

तयारी

चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवली. उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी कळवावं लागतं, आयत्या वेळी मागून मिळेलच असं नाही. जागेचं मात्र मला नीट समजावून सांगावं लागलं. मुलाला पहिल्या रांगेतल्या खुर्च्या हव्या होत्या, कारण म्हाताऱ्या माणसाला पुढे बसवायची आपल्याला सवय. एटीआरचं प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं, पुढे सामानाचं दार. म्हणजे पहिली रांग दारापासून सगळ्यात लांब. अरुंद वाटेतून पट्टा बांधलेल्या बाईने टोकापर्यंत कशाला जायचं? शेवटून दुसऱ्या रांगेत जागा घेतल्या.

दाराला जोडलेला जिना असतो, पायऱ्या थोड्याच पण उंच. काकूंनी घरी आठ दिवस रोज ओट्याच्या पायऱ्या चढून-उतरून बघितल्या. उजवा पाय आधी की डावा, हे त्यांनी स्वतः ठरवलं.

जड सामान टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये गेलं: चादरी, टॉवेल, कडक भाकरीचे दोन डबे आणि पाच किलो शेंगा चटणी. काकूंच्या हातात फक्त औषधांची पिशवी.

आता माझी चूक. जावयाला मी तिकिटाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "गोवा विमानतळावर गाडी पाठवा." गोव्याला दोन विमानतळ आहेत. दाबोळी जुना, नौदलाच्या तळावरचा. मोपा नवा, ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला. तिकिटावर मोपाचा कोड जीओएक्स आणि दाबोळीचा जीओआय, फरक एका अक्षराचा. मला तो पाठ आहे. दुसऱ्यालाही असेल असं मी गृहीत धरलं.

प्रवासाचा दिवस

नातवाने टिपलेल्या वेळा अशा होत्या.

जुळे सोलापूरच्या घरून विमानतळ: २० मिनिटं.
विमानतळावर: १ तास ५० मिनिटं. त्यातली ३५ मिनिटं सकाळच्या धुक्याची.
विमानात बसल्यापासून चाकं हलेपर्यंत: १५ मिनिटं.
चाकं हलल्यापासून थांबेपर्यंत: १ तास ५ मिनिटं. त्यातली प्रत्यक्ष हवेतली ४८.
मोपाला उतरणं, खुर्ची, सामान: ३० मिनिटं.
गाडीची वाट बघणं: १ तास ३५ मिनिटं.
मोपा ते कुडाळ, मधे एकदा थांबून: १ तास १५ मिनिटं.

एकूण सहा तास पन्नास मिनिटं. हवेतला वेळ त्याचा आठवा हिस्साही नाही.

धुक्यामुळे थांबावं लागलं तेव्हा सगळे अजून प्रतीक्षागृहात होते, हे नशीब. काकूंनी तिथल्या तिथे फेऱ्या मारल्या. विमानात चढवून थांबवलं असतं तर दोन तासांची अट तिथेच मोडली असती. पायऱ्या त्यांनी घरी ठरवल्या तशाच चढल्या, डावा पाय आधी. वर चढल्यावर मागे वळून नातवाला म्हणाल्या, "ओट्यापेक्षा सोपं आहे रे." खिडकीतून होटगीचा तलाव दिसला तेवढं बघितलं, बाकी वेळ डोळे मिटून होत्या. नातवाच्या टिपणात तिथे वेळ नाही, फक्त "आजी झोपली" असं आहे.

मोपाला गाडी नव्हती. ड्रायव्हरला "गोवा विमानतळ" एवढंच सांगितलेलं, तो पहाटेच दाबोळीला जाऊन उभा राहिला होता. नातवाचा फोन गेला तेव्हा दोघेही म्हणत होते, "मी विमानतळाच्या दारातच आहे." दाबोळीहून मोपाला यायला त्याला दीड तास लागला. विमानतळावर दुसरी गाडी करा, असं मी फोनवर सांगितलं. काका म्हणाले, आपली गाडी निघाली आहे, तो बिचारा कुठे जाईल? काकू खुर्चीत चाळीस मिनिटं बसल्या, मग दुखू लागलं, मग तीन बाकं जोडून नातवाने शाल पसरली आणि त्या आडव्या झाल्या. पूर्ण प्रवासात त्यांना त्रास झाला तो इथे, जमिनीवर, माझ्या एका अपुऱ्या वाक्यामुळे.

संध्याकाळी कंबर आखडली. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. हळदीला त्या पाटावर नाही, पण उंच खुर्चीवर बसून होत्या. मंगलाष्टकांना उभ्या राहिल्या.

परतीचा प्रवास

जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी काकूंना सोलापुरात असायचंच होतं, नंदीध्वजांची मिरवणूक त्यांनी कधी चुकवलेली नाही. ज्या दिवशी निघायचं ठरलं त्या दिवशी विमान नव्हतं. मुलाने मला फोन करून पुढच्या विमानाची चौकशी केली. मागून काकूंचा आवाज आला, "मोटारीनं जाऊ. मला विचार की एकदा."

जावयाने मोठी गाडी दिली, मधली सीट पाडून त्यावर गादी घातली. आंबोलीचा घाट सावकाश चढले, कोल्हापूरला रात्र काढली, दुसऱ्या दिवशी दुपारी सोलापूर. जवळजवळ तीस तास, मुक्कामासकट. आठवड्याने मी भेटायला गेले. काकू म्हणाल्या, "विमान चांगलं होतं. पण त्यात आडवं होता येत नाही बाई. गाडीत मी पाय पसरून आले."

काकांनी वहीत दोन्ही प्रवास लिहिले होते. जाण्याचा खर्च माणशी जास्त, वेळ कमी. येण्याचा वेळ कितीतरी जास्त. तिसऱ्या रकान्यात, "सलग बसणं", जाताना मोपाच्या बाकासकट काहीतरी खाडाखोड होती. येतानाच्या ओळीत "नाही" एवढंच.

पुन्हा करायचं झालं तर

विमान घेण्याचा निर्णय चुकला, असं मला वाटत नाही. जाताना घरात लग्नाची धावपळ होती, गादी घालायची मोठी गाडी हाताशी नव्हती, आणि दीड तासाचं बसणं काकूंनी नीट निभावलं. आधीच्या विमानाचं तिकीट काढणं हा या प्रकरणातला सगळ्यात बरोबर निर्णय होता, जरी ते विमान रद्द झालं नाही तरी. रद्द झालं असतं तर काय, याचं उत्तर तयार होतं म्हणून काका त्या सकाळी धुक्यातही शांत बसले.

गाडीबाबत आता माझा नियम आहे. विमानतळाचं नाव, गाव आणि तालुका असं तिन्ही लिहायचं: "मोपा, पेडणे तालुका, उत्तर गोवा. दाबोळी नाही." ड्रायव्हरचा नंबर प्रवाशाकडे आणि प्रवाशाचा ड्रायव्हरकडे आदल्या रात्री जायलाच हवा. निघण्याआधी ड्रायव्हरकडून विमानतळाचं नाव वदवून घ्यायचं. मोपाहून पुढच्या गाडीला वीस मिनिटांपेक्षा जास्त उशीर असेल तर दुसरी गाडी करायची, हेही आधीच घरात ठरवून घ्यायचं. आयत्या वेळी कुणालाच ते बोलवत नाही.

डॉक्टरांकडे कुटुंबाने एकच आकडा नेला, ही दुसरी गोष्ट. पहिल्या वेळी त्यांनी ५३ मिनिटांना हो म्हटलं, कारण त्यांना ५३ मिनिटंच सांगितली गेली होती. आता आजारी किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं माणूस असेल तर मी घरापासून घरापर्यंतचे सगळे टप्पे एका कागदावर लिहून देते. कुठे बसणं, कुठे चालणं, कुठे पायऱ्या, कुठे वाट बघणं. डॉक्टर तो कागद एक मिनिटात वाचतात आणि नेमक्या टप्प्यावर बोट ठेवतात.

आणि कोल्हापूरचा मुक्काम. "आईला दोन दिवस रस्त्यावर ठेवायचं?" या वाक्यावर आम्ही तिघांनी तो पर्याय बाजूला सारला. मुलगा प्रेमाने बोलला होता, काकांनी प्रेमानेच ऐकलं होतं, मीही मान डोलावली होती. काकू तेव्हा आतल्या खोलीत पलंगावर पडून होत्या, दार उघडं होतं. त्यांना बसणं अवघड जातं की लांबचा प्रवास, हे आमच्यापैकी कुणीही आत जाऊन विचारलं नाही.

परवा काकांचा फोन आला होता. मे महिन्यात नातीला भेटायला पुन्हा कुडाळला जायचं आहे. मी तारखा लिहून घेतल्या आणि म्हटलं, फोन काकूंकडे द्या.